कार्डावरचा आळ

दिंडोशीत ग्राफिक कार्ड हे पोटापाण्याचं साधन आहे. राज्य सरकारने १९७७ साली गोरेगाव पूर्वेला चित्रनगरी उभी केली, पुढे तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं, आणि सेटवर लागणाऱ्या हातांची वस्ती भोवतालच्या टेकड्यांवर वाढत गेली. सुतार, रंगारी, लाइटवाले आधीपासून होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांच्या शेजारी संकलन करणारी, रंग जुळवणारी, व्हीएफएक्सचे शॉट साफ करून देणारी मुलं-मुली दिसू लागली. त्यांतली काही तर त्याच सुतार-रंगाऱ्यांच्या घरातली. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली सरकारशी वर्षानुवर्षं झगडून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इथे हजारो घरं मिळवली. त्या घरांच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि देव्हारा यांच्या मधल्या जागेत, आज बऱ्याच ठिकाणी एक काळं कॅबिनेट उभं असतं आणि घरातल्या एका पगाराची जबाबदारी त्याच्यावर असते.

२०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओची कामं घरी आली. टाळेबंदी उठली, तरी त्यातली बरीच घरीच राहिली. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ, मालिकेचा प्रोमो, एखाद्या यूट्यूब वाहिनीची साप्ताहिक मुलाखत. ही कामं वेळेवर जायची तर कॉम्प्युटरने फाइल भराभर बाहेर काढली पाहिजे, आणि तो वेग हल्ली मुख्यतः ग्राफिक कार्डावर ठरतो. म्हणून माणूस पंचवीस-तीस हजार रुपये साठवतो, लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जातो, आणि खोकं पोटाशी धरून परत येतो. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडायला लागतो.

या भागातली आणि लॅमिंग्टन रोडवरची दुरुस्तीची दुकानं, दोन-चार घरं आणि त्यांतले आजारी कॉम्प्युटर मी जवळून पाहिले. एक गोष्ट मला वारंवार दिसली आणि ती या लेखाचं कारण आहे. नवं कार्ड आलं आणि मशीन बंद पडू लागलं, की आळ कार्डावर येतो. घरच्यांनाही तसंच वाटतं, दुकानदारालाही. क्रमच तसा असतो: काल चालत होतं, आज कार्ड लावलं, आज बंद पडलं. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत कार्ड धडधाकट निघालं. दोष होता तो त्याला पोसणाऱ्या यंत्रणेत: वीज देणाऱ्या डब्यात, यूपीएसमध्ये, केबलमध्ये, जुन्या ड्रायव्हरच्या अवशेषांत, रॅममध्ये. नव्या कार्डाने जास्त मागितलं, म्हणून आधीपासूनची कमतरता उघडी पडली.

आधी विजेचा हिशेब बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच्या अज्ञानातून होतं.

मदरबोर्डच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते. जुनी, लहान कार्डं तेवढ्यावर भागवत. जीटीएक्स १०५० टीआय हे आपल्याकडे अफाट खपलेलं कार्ड बरोबर ७५ वॉटचं. त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायरसुद्धा लागत नसे. त्याहून मोठ्या कार्डाला वीज देणाऱ्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, थेट केबल द्यावी लागते. सहा पिनांच्या केबलवर आणखी ७५ वॉट, आठ पिनांच्या केबलवर १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, ३०७० ला २२०, ३०८० ला ३२०. ४०९० साडेचारशेवर गेलं आणि २०२५ मध्ये आलेल्या ५०९० ने ५७५ चा आकडा गाठला. म्हणजे १०५० टीआय काढून ३०६० लावणारा माणूस कार्डाची भूक एका फटक्यात दुपटीपेक्षा जास्त वाढवतो. दुकानात चर्चा होते ती किती जीबीचं आहे याची.

आणि हे आकडे सरासरीचे आहेत. आधुनिक कार्ड क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं लिहिलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारतं. हा त्रास जगभर इतका वाढला, की २०२२ मध्ये इंटेलने एसएमपीएसच्या प्रमाणात, एटीएक्स ३.० मध्ये, नवी अट घातली: सोळा पिनांच्या नव्या केबलचा मोठा एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलू शकला पाहिजे. आपल्या घरातला एसएमपीएस २०१७ चा असेल, तर त्याच्यावर अशी कुठलीही अट नव्हती. तो बिचकतो, त्याच्या आतलं संरक्षण जागं होतं आणि तो सगळंच बंद करतो. त्याने आपलं काम चोख केलेलं असतं.

कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ म्हणून येणाऱ्या एसएमपीएसबद्दल मात्र मला चांगलं बोलता येणार नाही. बाहेर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचावा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर दिसले, तर गुणाकार करा: १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ पूर्णपणे १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे त्या ४५० पैकी तुमच्या कामाचे एवढेच. हा तक्ता वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. दुकानदाराने तो गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवावा, एवढी साधी गोष्ट आहे. मी फिरलो त्या दुकानांत ती कुणी आपणहून करताना पाहिली नाही.

आता यूपीएस. मुंबई उपनगरात भारनियमन नाही, त्यामुळे नाशिक-नगरकडे घरोघर दिसतो तसा मोठा इन्व्हर्टर इथे कमी. पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगराची वीज एकाएकी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि घरून काम करणाऱ्या अनेकांनी यूपीएस घ्यायचं मनावर घेतलं. घेतला तो सहसा ६०० व्हीएचा, सगळ्यांत स्वस्त. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट असा समज आहे. तसं नसतं. या वर्गातले बहुतेक यूपीएस ३६० वॉटपर्यंतच भार उचलतात.

नागरी निवाऱ्यातल्या एका तरुणीच्या घरी मी हा हिशेब कागदावर मांडलेला पाहिला. ती लग्नाचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ कापते. घरात तिच्या कमाईवर आई आणि धाकटा भाऊ. १०५० टीआय काढून तिने ३०६० घेतलं. कापताना सगळं ठीक चाले, पण फाइल एक्स्पोर्टला लावली की थोड्या वेळाने मशीन फट्‌कन बंद. ना निळी स्क्रीन, ना संदेश. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख टळली, मग दुसऱ्याची टळली. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने प्रथम विंडोज फॉरमॅट मारून दिलं. मग रॅम बदलली. मग कार्ड दुकानात परत गेलं. दुकानाने तपासून, चालतंय म्हणून परत दिलं. दोन्हीकडचे लोक खरं सांगत होते. दुकानात कार्ड चालत होतं, घरी मशीन बंद पडत होतं.

शेवटी तिच्याच इमारतीतल्या, एका रेंडर स्टुडिओत काम करणाऱ्या शेजाऱ्याने वही मागून घेतली. कार्डाचे १७० वॉट. प्रोसेसर बाराव्या पिढीचा आय फाइव्ह, पूर्ण जोरात ११७. पंखे, डिस्क, मदरबोर्ड मिळून ५०. झाले ३३७. एसएमपीएस स्वतः काही वीज उष्णतेत घालवतो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ओढले जाणारे वॉट चारशेच्या घरात. वर मॉनिटरचे ३०. म्हणजे सव्वाचारशेपेक्षा थोडं जास्त, आणि हे सगळं ३६० वॉटच्या यूपीएसवर टांगलेलं. नुसतं कापताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही निवांत असतात, म्हणून भार निम्म्यावर राही. एक्स्पोर्टला दोघं एकदम धावत आणि यूपीएस हात टेके. “ताई, हा डबा काढ आणि थेट भिंतीत लाव,” एवढं तो म्हणाला. रात्रभर एक्स्पोर्ट चालला. मशीन बंद पडलं नाही.

तेवढ्यावर गोष्ट संपली नाही. बंद पडणं थांबलं, पण अधूनमधून स्क्रीन काळी होऊन दोन-तीन सेकंदांनी परत यायची आणि संकलनाचं सॉफ्टवेअर कोसळायचं. हा वेगळा आजार होता. इतके दिवस दोन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे कुठलाच कळत नव्हता. मला ही घटना महत्त्वाची वाटते ती यासाठीच. मशीन बंद पडतं ही एक तक्रार असते, पण ते कसं बंद पडतं यात सगळं निदान असतं. पूर्ण अंधार होऊन यूपीएस ओरडला तर यूपीएस. पूर्ण अंधार होऊन मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय मशीन उठलंच नाही तर बहुधा एसएमपीएसचं संरक्षण. आपोआप रिस्टार्ट झालं तरी विजेवरच पहिला संशय. निळी स्क्रीन आली तर तिच्यावरचा कोड फोटो काढून ठेवावा. स्क्रीन काळी होऊन परत आली, तर ड्रायव्हर.

या शेवटच्या प्रकाराला इतिहास आहे. विंडोज एक्सपीच्या काळात कार्डाचा ड्रायव्हर अडकला की अख्खं मशीन गोठायचं. २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने एक पहारेकरी बसवला. कार्डाने दिलेल्या कामाला ठरलेल्या वेळात, मुळात दोन सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याला थोपवून ड्रायव्हर नव्याने उभा करतं. आपल्याला दिसते ती क्षणभराची काळी स्क्रीन. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद ४१०१ क्रमांकाने होते. ड्रायव्हर उभा राहिलाच नाही, तर ०x११६ कोडाची निळी स्क्रीन येते. त्याच व्हिस्टाच्या पहिल्या वर्षात ड्रायव्हर किती कच्चे होते, ते पुढे एका अमेरिकी खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतून कळलं. २००७ मध्ये नोंद झालेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एकट्या एनव्हिडिया या ग्राफिक कार्डांच्या कंपनीच्या ड्रायव्हरांमुळे होते. म्हणजे ड्रायव्हरवर संशय घेणं हा काही अडाणीपणा नाही, त्याला आधार आहे.

त्या मुलीच्या मशीनवर जुन्या कार्डाच्या वेळचा ड्रायव्हर तसाच होता आणि त्यावर नवा चढवलेला होता. फॉरमॅट मारल्यावर तो प्रश्न सुटायला हवा होता. पण फॉरमॅटनंतर दुरुस्तीवाल्याने आपल्या पेनड्राइव्हमधला वर्षभर जुना ड्रायव्हर टाकला आणि विंडोजने इंटरनेटवरून मध्येच स्वतःचा घुसवला. उपाय फुकटचा आहे. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं छोटं साधन मिळतं, ज्याला जाणकार डीडीयू म्हणतात. इंटरनेट तोडायचं, सेफ मोडमध्ये जायचं, डीडीयूने झाडून सगळं काढायचं, आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. नेट तोडण्याची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग पुन्हा तिथेच येतात.

दुरुस्तीवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. लॅमिंग्टन रोडवर, ज्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पोटमाळ्यावर बसून सूक्ष्मदर्शकाखाली चिप काढून बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत; त्यांच्या बोटांतलं कसब कुठल्याही प्रयोगशाळेत शोभेल. खोडरबराने रॅमचे आणि कार्डाचे सोनेरी पाय घासण्याची आपल्याकडची जुनी युक्तीसुद्धा पावसाळी मुंबईत खरोखर लागू पडते, कारण दमट हवेने आणि हातांच्या घामाने त्या पायांवर थर धरतो आणि संपर्क कच्चा होतो. पण फॉरमॅट हा सर्व रोगांवरचा काढा झाला आहे, आणि तो घातक आहे. घातक अशासाठी की फॉरमॅट मारला की मशीनने स्वतः ठेवलेली नोंद पुसली जाते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या कारणाने कोसळलं हे सगळं विंडोजच्या पोटात लिहिलेलं असतं. रिलायबिलिटी मॉनिटर उघडला की तारखांसकट लाल फुल्या दिसतात. कार्ड बसवलं त्या तारखेच्या आधीही फुल्या दिसत असतील, तर आजार जुना आहे.

नोंद वाचताना एक चूक फार होते. अचानक बंद पडलेल्या मशीनमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी ठळक नोंद सापडते आणि लोक हेच कारण समजून बसतात. ती नोंद फक्त एवढं सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. मात्र त्याच नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला कोसळताना काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वेळा वीजच तुटली किंवा मशीन पार गोठलं. कोड शून्याखेरीज दुसरा असेल, तर वाट ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसरकडे जाते.

मशीन दाखवतं ते बोट चुकीच्या दिशेला असू शकतं, याचं अलीकडचं सगळ्यात मोठं उदाहरण इंटेलचं. २०२४ च्या सुरुवातीला जगभरचे लोक तक्रार करू लागले, की नवे गेम सुरू होतानाच कोसळतात आणि संदेश येतो: व्हिडिओ मेमरी संपली. चोवीस जीबी मेमरीचं कार्ड असलेल्यांनाही हाच संदेश. लोकांनी कार्डं बदलली, परत केली, ड्रायव्हर मागे-पुढे केले. एप्रिलमध्ये एनव्हिडियाने जाहीरपणे सांगितलं, की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवाल्यांनी इंटेलकडे विचारावं. गेम सुरू होताना भरमसाट माहिती उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तिथे चूक झाली की दोष कार्डाच्या मेमरीवर जात होता. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये बायॉसमधून बसणारा ०x१२९ क्रमांकाचा दुरुस्त मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये ०x१२बी, आणि वॉरंटी तीनावरून पाच वर्षांवर नेण्यात आली. ज्या चिपमध्ये बिघाड होऊन चुकला, ती मायक्रोकोडने बरी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते. तुमच्याकडे आय सेव्हन किंवा आय नाइनचा त्या दोन पिढ्यांतला ताकदवान प्रोसेसर असेल आणि बायॉस २०२४ च्या शरदानंतर अद्ययावत केलेला नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते करा.

कधी कधी आळ खराही असतो. आरटीएक्स ३०८० बाजारात आलं १७ सप्टेंबर २०२० ला, आणि लगेच गेममधून बाहेर फेकलं जाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कार्डाच्या पाठीवरचे कपॅसिटर कुठल्या जातीचे, यावर जगभर वाद झाला. ईव्हीजीए या उत्पादकाने तर सांगितलं, की आपल्या चाचणीत एक रचना टिकली नाही म्हणून विक्रीआधीच ती बदलली. अकरा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर आला आणि बहुतेक तक्रारी थांबल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात ४०९० च्या सोळा पिनांच्या केबलची टोकं वितळल्याचे फोटो आले. पुष्कळ ठिकाणी केबल पूर्ण आत गेलेली नव्हती असं निघालं. पण टोकच असं केलं की ते अर्धवट बसूनही चालू राहावं, हा माझ्या मते रचनेचाच दोष. पुढच्या आवृत्तीत त्या पिनांची लांबी बदलावी लागली, यातच ते आलं.

जुन्या कार्डाचा बाजार हा वेगळा विषय. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक कार्डांवरचं खाणकाम बंद केलं, आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं जगभरच्या बाजारात लोटली. लॅमिंग्टन रोडवरही ती आली. असं कार्ड वाईटच असतं असं नाही. पण त्याचे पंखे झिजलेले असतात, चिपवरची पेस्ट वाळलेली असते, मेमरीवरचे पॅड दबलेले असतात. घेताना दुकानातच वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण भारावर चालवून मागावं. दुकानदार वेळ नाही म्हणाला, तर ते कार्ड घेऊ नये.

दिंडोशीचा स्वतःचा असा एक त्रास आहे, धुळीचा. द्रुतगती महामार्ग, मेट्रो सातची कामं, जुन्या इमारतींचा पुनर्विकास आणि आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. मेट्रोचं दिंडोशी स्थानक २०२२ च्या एप्रिलपासून चालू आहे, पण कुदळी थांबलेल्या नाहीत. ही बारीक सिमेंटी धूळ कार्डाच्या पंख्यांत आणि एसएमपीएसच्या जाळीत बसते. त्यात आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला खाली कॅबिनेटसाठी लाकडी कप्पा असतो, तीन बाजूंनी बंद, वर कुणीतरी हौसेने दारही लावलेलं. ७५ वॉटच्या कार्डाला ते चालून गेलं. १७० वॉटचं कार्ड त्या कप्प्यात आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं. एप्रिल-मेमध्येच मशीन बंद पडतं आणि पावसात बरं होतं, अशी तक्रार कुणी केली, तर मी आधी टेबल बघेन.

राहिली रॅम. तिच्यावर फार शब्द घालवत नाही. बायॉसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल तर ते तात्पुरतं बंद करून बघावं, आणि मेमटेस्ट रात्रभर लावावं. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बदलावी. उभं कार्ड बसवण्यासाठी काचेच्या कॅबिनेटात लांब पट्टीची केबल वापरली असेल, तर ती पीसीआय एक्स्प्रेसच्या कुठल्या पिढीची आहे ते बघावं. तिसऱ्या पिढीच्या केबलवर चौथ्या पिढीचं कार्ड अडखळतं आणि बायॉसमध्ये खाच तिसऱ्या पिढीवर आणली की शांत होतं.

घरच्या एका कार्डाने एवढं छळलं की माणसाला वाटतं, आपल्याच नशिबी हे. त्याला मेटा कंपनीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे सांगावेत. आपलं भाषेचं प्रारूप घडवताना त्यांनी एच १०० जातीची १६,३८४ कार्डं एकत्र जोडली. ५४ दिवसांत काम अनपेक्षितपणे ४१९ वेळा थांबलं, साधारण दर तीन तासांनी एकदा. त्यांतल्या १४८ वेळा कार्ड बिघडलं होतं, ७२ वेळा कार्डावरची मेमरी. म्हणजे निम्म्याच्या आसपास. उरलेले थांबे केबल, नेटवर्क, सॉफ्टवेअर आणि इतर भागांमुळे. जगातल्या सर्वांत महाग कार्डांच्या, सर्वांत निष्णात अभियंत्यांनी सांभाळलेल्या खोलीतही दोष कार्डात की आजूबाजूला, हे प्रत्येक वेळी शोधावंच लागतं. फरक इतकाच, की त्यांच्याकडे प्रत्येक थांब्याची नोंद होती. दिंडोशीतल्या त्या मुलीकडे नव्हती, म्हणून तिचे पैसे आणि गिऱ्हाइकं गेली.

नोंद ठेवणं कठीण नाही. कधी बंद पडलं, तेव्हा काय चालू होतं, अंधार झाला की निळं दिसलं, आणि त्यानंतर काय बदललं. बदल एका वेळी एकच. रॅमही बदलली, ड्रायव्हरही बदलला आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तोच खर्च पुन्हा होतो. जुनं कार्ड विकून टाकायची घाई करू नये. नवं काढून जुनं लावल्यावर मशीन चाललं, एवढ्यावरून नवं खराब ठरत नाही, कारण जुनं कमी वीज खातं. नवं कार्ड मित्राच्या भक्कम एसएमपीएसवर चालवून बघितल्यावरच निकाल द्यावा.

एनव्हिडियाचं एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही आहे. तिथे काम करणाऱ्या कुणाच्या हातात हा अंक पडला, तर त्यांना मनापासून विनंती: वीज कमी पडल्याचं तुमच्या कार्डाला कळत असेल, तर ते वापरणाऱ्याला साध्या शब्दांत सांगा. “ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं” या वाक्याने आमच्याकडे किती फॉरमॅट झाले असतील, याचा हिशेब लागणार नाही.

दुकानदारांकडे मागणं याहून लहान आहे. कार्ड विकताना गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारा: एसएमपीएस कुठला, यूपीएस कितीचा, प्रोसेसर कुठला. बेरीज बिलाच्या पाठीमागे लिहून द्या. बिल पक्कं द्या आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहा. वाचकांनी ते दोन्ही मागून घ्यावं, कारण बिलाशिवाय आणि सिरियल नंबरशिवाय वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दुकान ऐकेनासं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि १९७५ पासून मुंबईत काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. तिथे जाताना बंद पडण्याच्या तारखांची वही आणि निळ्या स्क्रीनचे फोटो बरोबर न्या.

आणि कार्ड परत करायला ग्रँट रोडची लोकल पकडण्याआधी, यूपीएस बाजूला काढून मशीन एक रात्र थेट भिंतीच्या प्लगवर चालवून बघा.